घरबसल्या पंधराशे बारा

माझं रेटिंग पंधराशे बारा आहे हे सांगितल्याशिवाय माझी ओळख पूर्ण होत नाही. निदान मला तसं वाटतं. बायकोला वाटत नाही. मी सोयगावकडचा सोमनाथ जंजाळ, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, लोकांच्या जमिनी मोजतो; एवढी ओळख माणसाला पुष्कळ झाली असं तिचं म्हणणं. प्रेरणा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कुठल्याच आकड्याचा तिच्यावर वचक नाही.

ज्यांना बुद्धिबळातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेटिंग म्हणजे जागतिक संघटनेने तुमच्या खेळाला दिलेला आकडा. जिंकलात की वाढतो, हरलात की घटतो. हल्ली चौदाशेच्या खाली गेलात तर यादीतून नावच जातं, म्हणजे तुम्ही जन्मात कधी पटाला हात लावला नव्हता असं धरून चालायचं. मला २०१८ साली, ही हद्द हजारावर होती तेव्हा, अकराशे सत्त्याऐंशी मिळालं. त्यानंतर मी एकही स्पर्धा खेळलो नाही. खेळलो असतो तर ते घटलं असतं, एवढं मानसशास्त्र मला तेव्हाही कळत होतं.

मग मार्च २०२४ उजाडला. दोन हजारांखालच्या लोकांचे आकडे फारच घसरलेत असं संघटनेला वाटलं आणि तिने एका दिवसात सगळ्यांचे वाढवून दिले. त्या दिवशी मी फुलंब्रीकडे एका बांधावर उन्हात उभा होतो आणि दोन सख्खे भाऊ माझ्या टेपवर पाय ठेवून भांडत होते. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर अकराशे सत्त्याऐंशीचे पंधराशे बारा. सहा वर्षं एकही डाव न खेळता सव्वातीनशे गुण! दुसरा कुणी याला नशीब म्हणाला असता. मी म्हटलं नाही. त्या सहा वर्षांत मी रोज सकाळी प्राणायाम करत होतो, जेवण साडेसातच्या आत उरकत होतो आणि खेळाडूच्या मनाबद्दल मिळेल ते वाचत होतो. त्याचा काहीच परिणाम झाला नसेल, असं कसं म्हणणार?

"अहो, हा महागाई भत्ता आहे," प्रेरणा म्हणाली. "सरसकट सगळ्यांचा वाढलाय."

मी तिच्याशी वाद घातला नाही. त्याच महिन्यात वर्ग सुरू केला.

वर्गाचं नाव 'खेळाडूचं मन'. शहरात सिडकोच्या एन-नऊ भागात तात्यासाहेबांच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे, तिथे दर रविवारी सकाळी दहाला. तात्यासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. माणसं जमवायची आणि त्यांच्यापुढे भाषण करायचं, हा त्यांचा छंद. त्यांनी चौदा जण गोळा केले. दोन दुकानदार, बँकेतल्या एक बाई, चार-पाच पेन्शनर, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, असे सगळे. ऑफिसात मला साहेब "जंजाळ, टेप घ्या" म्हणतात आणि शेतकरी "ओ मोजणीवाले" म्हणतात. इथे चौदा माणसं मी आत आलो की उठून उभी राहायची आणि "सर" म्हणायची. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. रेटिंगपेक्षाही मला तो शब्द हवा होता, पण तेव्हा मारून टाकलं असतं तरी मी हे कबूल केलं नसतं.

वर्गात मी स्वतः कधीच खेळत नसे. शिकवणाऱ्याने खेळलं की शिकणाऱ्याचं लक्ष निकालाकडे जातं, असं मी सांगून ठेवलं होतं, आणि लोकांनी ते वहीत लिहून घेतलं होतं. मी फक्त मनाबद्दल बोलायचो. चूक झाली तर लगेच पुढची खेळी करू नका, आधी तीन श्वास मोजा. समोरच्याचं रेटिंग बघून पटाशी बसू नका. (हे मी, ज्याने समोरच्याचं रेटिंग बघितल्याशिवाय सहा वर्षांत कुणाशी चहासुद्धा घेतला नव्हता.) आणि माझं सगळ्यात लाडकं सूत्र असं होतं: डाव चालू असताना जो बरोबरी मागतो, तो घाबरलेला असतो. त्याला पटावर असं काहीतरी दिसलेलं असतं जे तुम्हाला अजून दिसलेलं नाही. अशा वेळी हसून नाही म्हणायचं. यावर डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं की, सर, आणि खरोखरच बरोबरीचा डाव असेल तर? मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, तुमचं मन कमजोर आहे.

सगळ्यात मागे, दाराजवळ फकिरा बसायचा. फकिरा शिंगाडे, पिशोरचा. त्याचा बाप मेंढरं राखायचा, हाही विशीपर्यंत मेंढरांमागे होता. आता चिकलठाण्याच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन. पस्तीस-छत्तिशीचा असेल. गावाकडे झाडाखाली म्हाताऱ्यांशी देशी नियमांनी खेळून शिकलेला. प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जातं, हे त्याला शहरात आल्यावर कळलं. शह दिला की मोठ्याने "शह" म्हणायची त्याला सवय होती. न बोलता शह देणं त्याला चोरीसारखं वाटायचं. मी सांगितलेलं सगळं तो लिहून घ्यायचा, ड्यूटीवर मोबाईलवर डाव खेळायचा आणि पुढच्या रविवारी येऊन म्हणायचा, "सर, तुमचं लई बराबर निघालं. मी तीन श्वास मोजले आन् समोरच्याचा वजीर घेतला." त्याने वजीर कसा घेतला ते मला त्याने दाखवलं तरी नीट समजत नसे. मी मान हलवायचो.

सगळं असं सुरळीत चाललं असतं, पण तात्यासाहेबांना स्पर्धा भरवण्याची हुक्की आली. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी, बीड बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात, तीन दिवस, सात फेऱ्या, आंतरराष्ट्रीय मान्यतेची रेटिंग स्पर्धा. मला कळलं तेव्हा पत्रक छापून झालं होतं. त्यावर माझा कोटातला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'मनाचे अभ्यासक, १५१२ मानांकित सोमनाथ जंजाळ सर स्वतः मैदानात!' उद्गारचिन्ह तात्यासाहेबांचं.

"तात्यासाहेब, एकदा विचारायचं तरी," मी म्हटलं.

"अहो सर, तुम्हाला काय विचारायचं? चौदाच्या चौदा जण खेळणार म्हणतात. तुम्ही नाही म्हणालात तर लोक काय समजतील?"

लोक काय समजतील हे मला चांगलंच माहीत होतं, म्हणून मी तीन दिवसांची अर्जित रजा टाकली.

मग मी हिशोब मांडला. माझे स्पर्धेतले डाव मोजकेच, त्यामुळे बरोबरीच्या ताकदीच्या माणसाकडून एक डाव हरलो की वीस गुण जाणार. सहा हरलो की तेराशे ब्याण्णव, आणि मी यादीतून गायब. पण नियमात एक फट होती. ज्याला रेटिंगच नाही अशा माणसाशी हरलं तर आपल्या आकड्याला काहीही होत नाही. तो डाव धरतच नाहीत. शिवाय दोन फेऱ्यांना अर्धा गुण घेऊन सुट्टी मागता येते. मी ठरवलं, की पुढे रेटिंगवाला येणार असा वास आला की सुट्टी घ्यायची. आयुष्यभर मोजणी केलेल्या माणसाला हद्द कुठून कुठे जाते हे कळतं.

आणि सांगायला हरकत नाही, मी हे फार छान निभावलं. पहिल्या फेरीत एका बिनरेटिंगच्या किराणा दुकानदाराला हरवलं. दुसऱ्या फेरीत बिनरेटिंगच्याच एका कॉलेजच्या मुलीकडून हरलो, तिचं नाव प्रांजली, अठरा खेळ्यांत. तिसरीला सुट्टी. चौथ्या फेरीत समोरचा आलाच नाही. पाचवीला सुट्टी. सहावीत आणखी एका बिनरेटिंगवाल्याकडून हरलो. सहा फेऱ्या झाल्या आणि माझ्या पंधराशे बाराला ओरखडासुद्धा नव्हता. वर्गातले लोक चहाच्या टेबलापाशी विचारायचे, सर, कसं चाललंय? मी म्हणायचो, मन स्थिर आहे.

शेवटच्या फेरीची यादी भिंतीवर लागली. टेबल क्रमांक एकेचाळीस. पांढरी फकिरा शिंगाडे, बिनरेटिंग, गुण तीन. काळी सोमनाथ जंजाळ, १५१२, गुण तीन.

फकिराला रेटिंग मिळण्यासाठी रेटिंगवाल्यांशी पाच डाव व्हायला हवे होते. चार झाले होते आणि त्यातला एक त्याने मारलाही होता. पाचवा मी. माझ्या बाजूने पाहिलं तर कागदावर या डावाने माझं काही म्हणजे काहीच बिघडणार नव्हतं. तरी सकाळी पोह्यांची बशी मी तशीच सरकवली.

"हरलात तर किती जातील?" प्रेरणाने विचारलं.

"काहीच नाही. त्याला रेटिंग नाही."

"मग झालं काय तुम्हाला?"

"तो मला सर म्हणतो," मी म्हणालो.

प्रेरणा उठून ओट्यापाशी गेली. तिने लिंबाच्या सरबताची बाटली भरून दिली.

मंगल कार्यालयात आदल्या आठवड्यातल्या लग्नाची सजावट अजून तशीच होती. नवरा-नवरीच्या लाल सोफ्यावर पंच बसले होते. चार मोठे कूलर घरघरत होते, तरी पाठीला घाम येत होता. फकिरा आधीच येऊन बसलेला. मी आलो तसा तो उभा राहिला आणि वाकून माझ्या पाया पडायला लागला. पंचांनी सोफ्यावरूनच "ओ, ओ" केलं. वर्गातल्यांचे डाव लवकर आटपले, तसे एकेक जण आमच्या टेबलामागे येऊन उभे राहू लागले.

पहिल्या पंधरा खेळ्या मी बऱ्या खेळलो. सोळाव्या खेळीला घोडा नको तिथे नेला. तीन श्वास मोजले. तीस मोजले असते तरी घोडा परत आला नसता. त्यानंतर फकिराचा हत्ती माझ्या राजासमोरच्या मोकळ्या पट्टीत आला, त्याच्या मागे वजीर आला, आणि माझा राजा कोपऱ्यात दोन प्याद्यांच्या आड उभा राहिला. मला काही दिसत नव्हतं. म्हणजे काहीतरी वाईट आहे एवढं दिसत होतं, पण नेमकं कुठून ते दिसत नव्हतं. शर्ट अंगाला चिकटला होता. मी बाटली उचलली आणि झाकण न काढता तोंडाला लावली.

फकिराने माझ्याकडे पाहिलं. मग पटाकडे. मग मान खाली घालून अगदी हळू म्हणाला, "सर, बरोबरी करायची का?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला आनंद झाला. वर्षभर जे शिकवलं ते माझ्यासमोर घडत होतं! हा घाबरला. याला पटावर असं काहीतरी दिसलं जे मला दिसत नाहीये, म्हणजे माझ्याकडे काहीतरी जबरदस्त आहे. मागे चौदा नाही तरी नऊ-दहा जण उभे होते, आणि त्या सगळ्यांच्या वह्यांत ते सूत्र लिहिलेलं होतं. मी हसलो आणि म्हणालो, "नाही."

मागे डॉक्टरांनी श्वास आत ओढल्याचं मला ऐकू आलं.

फकिराने एका कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. कशाशी संबंध नसलेली खेळी. मी मनात म्हटलं, गडबडला. मीही माझं एक प्यादं सरकवलं. पुन्हा त्याने वर पाहिलं. त्याच्या कपाळावर माझ्यापेक्षा जास्त घाम होता.

"सर, व्हय म्हना ना. बरोबरी."

"फकिरा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वर्गात काय शिकलास?"

पंचांनी बोटाने गप्प राहायची खूण केली. फकिराने डोळे मिटले, तीन श्वास घेतले आणि हत्ती उचलून माझ्या राजापुढच्या प्याद्यावर ठेवला. हत्ती फुकट दिला होता. मी तो मारला. दुसरं काही करताच येत नव्हतं.

"शह, सर," तो पुटपुटला.

राजा एक घर सरकवला.

"शह, सर."

परत आणला तिथेच.

तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही. वजीर ठेवला आणि हात मांडीखाली घेतला. मी राजासाठी घर शोधत राहिलो. घर नव्हतं. मात झाली होती, आणि टेबलामागे उभ्या सगळ्यांना ती माझ्या आधी कळली होती, कारण एकेक जण चहाला जायचं आहे असं दाखवत पांगला.

मी निकालाच्या कागदावर सही केली आणि मागच्या बाजूला, पंगतीनंतर हात धुवायचे नळ असतात तिथे जाऊन तोंडावर पाणी मारत बसलो. फकिरा मागे आला. त्याचे डोळे भरलेले होते. जिंकलेल्या माणसाला रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"सर, म्या दोनदा इचारलं. एकदा तरी व्हय म्हनायचं."

"तुला मात दिसत होती?"

"व्हय."

"केव्हापासून?"

"तुम्ही घोडा तिकडं नेला तवापासून."

"मग बरोबरी कशाला मागितलीस?" माझा आवाज चढला.

मला हे माहीत कसं नाही, असं त्याच्या तोंडावर होतं. "सर, आमच्याकडं पिशोरला वडीलधाऱ्याला मात करत नाय. मात दिसली की ल्हान्यानं बरोबरी म्हनायचं. मंग मोठा मानूस व्हय म्हनतो, पट मोडतो आन् म्हनतो, बरं खेळतो रे तू. तुमच्याकडं नाय का तसं?"

आमच्याकडेही तसंच होतं. सोयगावला माझ्या चुलत्याने कितीतरी जणांना "बरं खेळतो रे तू" म्हणून पट मोडलेला मी लहानपणी बघितला होता. मला वाटायचं चुलता अजिंक्य आहे.

"माझी कीव केलीस तू," मी ओरडलो. "भर मंडपात! चल नीघ इथून."

तो गेला. मी नळ बंद करायचा विसरलो, तो कार्यालयाच्या माणसाने येऊन बंद केला.

पुढच्या गुरुवारी, एक मेला, नवी यादी लागली. माझे पंधराशे बारा होते तसेच होते. फकिरा शिंगाडे, पंधराशे एकवीस. प्रेरणाने दोन्ही आकडे वाचले, वजाबाकी केली असणारच. तिने विचारलं, "रविवारी जाणार?"

"जाणार. सगळं सांगून टाकणार. मला सोळाव्या खेळीला काही दिसलं नाही, फकिराने दया केली ती मला कळली नाही, आणि आकडा सरकारी भत्त्यासारखा वाढलेला आहे. वर्ग बंद. वाटलं तर फकिरा शिकवेल."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, आणि इस्त्रीचा शर्ट स्वतः काढून ठेवला. मला खूप हलकं वाटलं. सहा-सात वर्षांत एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

रविवारी जिना चढून वर गेलो. वाटलं होतं चार-दोन जण असतील, तेही गंमत बघायला. खोली गच्च भरली होती. चौदाचे वीस झाले होते. मी दारात आलो तसे सगळे उठून उभे राहिले. टेबलावर ताट होतं, ताटात नारळ, शाल, हळदी-कुंकू. तात्यासाहेबांनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि भाषण सुरू केलं.

"मंडळी, त्या दिवशी टेबल एकेचाळीसवर काय झालं ते आपण पाहिलं, पण आपल्याला कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. मी म्हटलं, सर हरले! मग काल फकिराने मला खरं काय ते सांगितलं. फकिरा समोर बरोबरी घेऊन आला होता. एकदा नाही, दोनदा. सरांनी हो म्हटलं असतं तर सरांची इभ्रत राहिली असती. पण फकिराला मिळाला असता अर्धा गुण. सरांना शिष्याला पूर्ण गुण द्यायचा होता. म्हणून दोन वेळा नाही म्हणाले. हसून नाही म्हणाले! आज आमचा फकिरा पंधराशे एकवीस आहे."

टाळ्या पडल्या. बँकेतल्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. डॉक्टर उभे राहून म्हणाले, "सर, मला तेव्हाच शंका आली होती. तो घोडा तुम्ही चुकून न्यालच कसे?"

मी फकिराला शोधलं. तो दाराजवळ, सगळ्यात मागे उभा होता. कंपनीचा युनिफॉर्म घालून, थेट ड्यूटीवरून आलेला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली, आणि वाट बघत राहिला.

मी उठलो. घरून जे ठरवून आलो होतो ते सगळं मला पाठ होतं, पहिलं वाक्य तर जिन्यात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले, आणि त्याच वेळी, काय सांगू, फार बरंही वाटलं.

"फकिरा," मी म्हणालो, "बरं खेळतो रे तू."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तात्यासाहेब म्हणाले, शाल शिष्याच्याच हातून. फकिरा पुढे आला, शालीची घडी मोडली आणि दोन्ही हातांनी माझ्या खांद्यांवर पांघरली. चांगली जाड, लोकरीची शाल होती. पत्र्याखाली बेचाळीस-त्रेचाळीस अंश तरी असतील. अंगावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. दीड तास वर्ग चालला आणि मी ती काढली नाही.